अबोध मन, 'इगो' आणि स्वप्नं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात डेक्कनजवळ आमचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा पंधरा-वीस जण जमतात, फ्रॉइड आणि त्याच्यामागून आलेल्यांचं थोडं वाचतात, बरंच भांडतात. मग चार दिवस व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात, आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. परीक्षेला बसणाऱ्यांनी यावर विसंबू नये. इथे माहितीबरोबर माझी मतंही आहेत.

१. मनोविश्लेषण म्हणजे समुपदेशनच ना? नाव तेवढं जड.

नाही. या एका नावाखाली तीन गोष्टी येतात: मनाबद्दलचा सिद्धान्त, उपचाराची पद्धत आणि माणसाचं बोलणं ऐकण्याची एक रीत. सुरुवात व्हिएन्नात झाली. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हा मज्जासंस्थेच्या विकारांचा डॉक्टर. योसेफ ब्रॉयर या ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर त्याने १८९५ मध्ये हिस्टेरियावर पुस्तक काढलं. त्यात 'ॲना ओ.' या टोपणनावाने येणाऱ्या ब्रॉयरच्या रुग्ण बाईंनी या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' म्हटलं. नाव रुग्णाने ठेवलंय, डॉक्टरांनी नव्हे, हे मला फार आवडतं.

समुपदेशनात साधारणपणे एखादी ठरावीक अडचण घेऊन समोरासमोर बसायचं आणि काही भेटींत वाट काढायची. जुन्या पद्धतीच्या मनोविश्लेषणात माणूस कोचावर आडवा होतो, विश्लेषक त्याच्या डोक्यामागे, नजरेआड बसतो. आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज पाऊण तासाच्या आसपास, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. त्याचंच सौम्य रूप म्हणजे आठवड्यातून एकदा, खुर्चीत बसून होणारे मनोगतिक उपचार. पुण्यात मिळतं ते बहुधा हे.

२. अबोध मन, अचेतन मन, सुप्त मन, अंतर्मन... यातला बरोबर शब्द कुठला?

पाठ्यपुस्तकात 'अबोध' आणि 'अचेतन' दोन्ही सापडतील. मी 'अबोध' वापरतो, जरी त्याने 'अबोध बालक' आठवतं आणि इथे निरागस असं काही नाही. 'सुप्त' मला पटत नाही, कारण हे मन झोपलेलं नसतं. त्याचा उद्योग अखंड चालू असतो. 'अंतर्मन' तर पुरवण्यांनी पळवलंय: 'अंतर्मनाचा आवाज ऐका' वगैरे. फ्रॉइडचं अबोध मन असला सल्ला देत नाही. ते मागणी करतं.

फरक लक्षात ठेवायचा तो 'बोधपूर्व' आणि 'अबोध' यांतला. चौथीच्या वर्गशिक्षिकेचं नाव आत्ता तुमच्या डोक्यात नव्हतं, विचारल्यावर आलं: हे बोधपूर्व. अबोध म्हणजे जे विचारूनही येत नाही, कारण त्याला अडवून धरलेलं असतं. या अडवण्याला दमन म्हणतात.

३. हिमनगाचं चित्र (थोडं मन पाण्यावर, बरंचसं पाण्याखाली) फ्रॉइडनेच काढलं ना?

प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये ते असतं, पण त्याच्या लेखनात त्याने वापरलेल्या उपमा वेगळ्या आहेत आणि मला वाटतं सरस आहेत. एक दोन खोल्यांची: बाहेर मोठं दालन, तिथे इच्छांची गर्दी, आत छोटा दिवाणखाना, तिथे जाणीव बसलेली, आणि उंबऱ्यावर पहारेकरी. पेठेतला जुना वाडा आणि देवडीवरचा राखणदार डोळ्यांपुढे आणा, जमेल. हिमनगात हा पहारेकरीच नाही, म्हणून तो अपुरा. बर्फ नुसता बुडालेला असतो, त्याला कुणी दाबून धरलेलं नसतं.

दुसरी उपमा १९२५ मधली. लहान मुलांची ती पाटी असते ना, तुळशीबागेत मिळायची तसली: वर लिहायचं, कागद उचलला की कोरी. फ्रॉइडने तसल्याच एका पाटीवर अख्खा निबंध लिहिलाय. वरचा कागद दर वेळी नवा दिसतो, पण खालच्या मेणावर सगळे ओरखडे राहिलेले असतात आणि तिरप्या उजेडात वाचता येतात.

४. 'इगो' म्हणजे अहंकार. मग आमच्या साहेबांचा इगो मोठा आहे, हे फ्रॉइडच्या भाषेत बरोबर का?

उलट. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

फ्रॉइडने १९२३ मध्ये मनाचे तीन भाग मांडले तेव्हा जर्मनमधले अगदी घरगुती शब्द घेतले: 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. इंग्रजी अनुवादकांनी त्यांना लॅटिन कपडे चढवून इड, इगो, सुपरइगो केलं. आपल्याकडचे इदम्, अहम्, पराहम् हे मूळ जर्मनच्या जास्त जवळ आहेत, कारण तीही सर्वनामंच. अडचण एवढीच की मराठी कानाला 'अहम्' म्हटलं की पुढचा 'कार' आपोआप ऐकू येतो.

उदाहरण घ्या. रात्री साडेअकराला कर्वे रस्त्यावर सिग्नल लाल आहे, चौक रिकामा आहे. इदम् म्हणतं, काढ गाडी. अहम् आधी कोपऱ्यावर मामा उभा आहे का ते बघतं, मग समोरून टेम्पो येतोय का ते, मग ठरवतं. पराहम् म्हणतं, सिग्नल तोडणारा माणूस हलकट. आता समजा तुम्ही गाडी काढली, कुणी पाहिलं नाही, पावतीही फाटली नाही, आणि तरी घरी पोचेपर्यंत काहीतरी टोचत राहिलं, तर ते पराहम्. नुसती पावतीची धास्ती असेल तर तो अहम्‌चा हिशेब. पराहम्‌ला आपण सदसद्विवेक म्हणतो, पण तो तेवढा न्यायी नसतो. जे केलं त्याबद्दल तो छळतोच, पण जे नुसतं मनात आलं त्याबद्दलही छळतो. खाई त्याला खवखवे हे आपण ऐकलंय. पराहम् न खाणाऱ्यालाही खाजवायला लावतो.

आता तुमचे साहेब. अहम्‌चं काम तीन धन्यांना सांभाळायचं: इदम्, पराहम् आणि बाहेरची दुनिया. ज्याचा अहम् मजबूत, त्याला थांबता येतं, 'चुकलं' म्हणता येतं, टीका पचवता येते. मीटिंगमध्ये कुणी एक आकडा दुरुस्त केला म्हणून जो दिवसभर धुमसतो, त्याचा अहम् फ्रॉइडच्या हिशेबाने नाजूक आहे. (हे साहेबांना सांगू नका. का, ते प्रश्न १४ मध्ये.)

५. अबोध मन असतं कशावरून? दिसत तर नाही.

फ्रॉइड ज्या पुराव्यांकडे बोट दाखवायचा त्यातला मला सर्वांत स्वच्छ वाटतो तो संमोहनाचा. डॉक्टर संमोहित माणसाला सांगतात: मी बाहेर जाऊन परत आलो की माझी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धर. मग त्याला जागं करतात. डॉक्टर परत येतात, माणूस खरोखरच खोलीत छत्री उघडून धरतो. का, असं विचारलं की ओशाळतो आणि तिथल्या तिथे काहीतरी कारण जुळवतो. खरं कारण त्याच्याच डोक्यात आहे, कामही तेच करतंय, आणि त्याला पत्ता नाही. जुळवलेलं कारण त्याला स्वतःला मात्र पटलेलं असतं. मला त्यातला हा भाग जास्त बोलका वाटतो.

बाकीचे पुरावे पुढच्या दोन प्रश्नांत.

६. जीभ घसरली की मनातलं बाहेर येतं, हे खरं का? मी बायकोला बहिणीच्या नावाने हाक मारली.

मारली असेल. बहुतेक घरांत आई तिन्ही मुलांची नावं घेऊन मग चौथ्याला हाक मारते. प्रत्येक घसरणीत गुपित नसतं.

फ्रॉइडने १९०१ मध्ये अशा चुकांवर पुस्तक लिहिलं: चुकीचा शब्द, विसरलेलं नाव, हरवलेली किल्ली. त्यातलं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रियाच्या संसदेतलं. अध्यक्षांना त्या बैठकीतून काही चांगलं निघेल असं वाटत नव्हतं. त्यांनी सुरुवातीलाच बैठक संपल्याचं जाहीर केलं. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे समजेल.

पण थकवा, ध्वनिसाम्य, तीन भाषांची सरमिसळ यांनीही जीभ घसरते. मोबाइलच्या ऑटोकरेक्टला तर अबोध मनच नाही. माझी कसोटी अशी: चूक झाल्यावर बोलणाऱ्याला स्वतःला काय काय आठवतं ते बघावं. ऐकणाऱ्यांना काय गमतीचं वाटलं त्याला किंमत नाही.

७. स्वप्नात साप दिसतो / दात पडतात / दहावीचा गणिताचा पेपर कोरा राहतो. अर्थ सांगा.

नाही सांगता येणार, आणि जो लगेच सांगेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण फ्रॉइडच्या निम्म्या सिद्धान्ताएवढी आहे. त्यानेही तसलीच एक म्हण दिली आहे: हंसिणीला स्वप्न कसलं पडतं? मक्याचं. लहान मुलांची स्वप्नं अशी सरळ असतात. त्याची मुलगी ॲना एकोणीस महिन्यांची असताना पोट बिघडलं म्हणून दिवसभर उपाशी ठेवली होती. रात्री झोपेत ती स्वतःचं नाव घेऊन स्ट्रॉबेरी, ऑम्लेट, खीर अशी यादी म्हणत होती.

उरलेला निम्मा सिद्धान्त म्हणीत नाही. मोठ्यांच्या स्वप्नात 'मनी वसलेलं' वेषांतर करून येतं. दोन माणसांचा एकच चेहरा होतो (संक्षेपण), महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात जाते आणि फालतू गोष्ट मध्यभागी येते (विस्थापन). म्हणून स्वप्नाचा एकेक तुकडा घेऊन ज्याचं स्वप्न त्यालाच विचारायचं: यावरून काय आठवतं? सिंहगडाच्या पायथ्याशी ज्याच्या अंगणात दर पावसाळ्यात धामण निघते त्याचा साप वेगळा, आणि ज्याने तो फक्त नागपंचमीच्या चित्रात पाहिलाय त्याचा वेगळा. नंतरच्या आवृत्त्यांत फ्रॉइडने स्वतःच ठरावीक प्रतीकांची यादी वाढवत नेली. माझ्या मते पुस्तकाचा तोच भाग सर्वांत कच्चा आहे.

परीक्षेच्या स्वप्नाबद्दल मात्र त्याने एका सहकाऱ्याकडून घेतलेलं निरीक्षण झकास आहे: माणसाला स्वप्नं पडतात ती पास झालेल्या परीक्षांची. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता आणि त्या परीक्षेचं स्वप्न त्याला कधी पडलं नाही. उद्याच्या धास्तीवर मन जुना दाखला काढून दाखवतं: तेव्हाही घाबरला होतास, झालास ना पास?

एक अपवाद त्याने उघड मान्य केला. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक तोच स्फोट रोज रात्री बघत. ही कुठली इच्छापूर्ती? १९२० मध्ये त्याने लिहिलं की अशी स्वप्नं आपल्या नियमात बसत नाहीत.

८. संरक्षण यंत्रणा पाठ होत नाहीत. सोपं करून सांगाल?

म्हणी आठवा. साहेबांवरचा राग घरी येऊन मुलावर निघाला: वड्याचं तेल वांग्यावर, म्हणजे विस्थापन. बढती हुकली आणि 'नाहीतरी त्या पोस्टला अर्थ नव्हता': कोल्ह्याला द्राक्षं आंबट, म्हणजे समर्थन. स्वतःतला दोष दुसऱ्यात दिसणं: आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, हे प्रक्षेपण. जिच्याबद्दल मनात अढी आहे त्या जावेचं अती अती कौतुक: याला प्रतिक्रिया-निर्मिती म्हणतात, म्हण मला सापडलेली नाही, कुणाला माहीत असेल तर कळवा. धाकटं भावंडं झाल्यावर पाच वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, ती परागती. आणि भांडखोर पोरगा पुढे नामांकित फौजदारी वकील होतो, ते उदात्तीकरण. यांची नीट मांडणी १९३६ मध्ये ॲना फ्रॉइडने केली, स्ट्रॉबेरीवालीच ती.

पण म्हणीत आणि यंत्रणेत एक मोठा फरक आहे. 'चोराच्या उलट्या बोंबा' हे प्रक्षेपण नव्हे, कारण चोराला माहीत असतं की चोरी आपण केली. संरक्षण यंत्रणेत माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसतं. म्हणून त्याला 'कबूल कर' म्हणून उपयोग होत नाही. शिवाय या यंत्रणा म्हणजे आजार नाहीत. दवाखान्यातून फोन आल्यावर पहिली दहा मिनिटं 'नाही, नाही, रिपोर्ट बदलला असेल' असं म्हणणं हा नकार, आणि तेवढ्यापुरता तो माणसाला उभं ठेवतो. तो सहा महिने टिकला आणि औषध सुरूच झालं नाही, तर प्रश्न आहे.

९. मुलाला आईबद्दल ओढ आणि बापाबद्दल वैर, हा ईडिपस आपल्याकडे कसा लागू पडेल? आपली कुटुंबं वेगळी आहेत.

ही शंका भारतातल्या पहिल्या मनोविश्लेषकालाच आली होती. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि आपल्या रुग्णांमध्ये हे चित्र युरोपातल्यासारखं दिसत नाही असं त्याला बिनदिक्कत कळवलं. फ्रॉइडला ते फारसं पचलं नाही. १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला मात्र कोलकात्याहून हस्तिदंती विष्णूची मूर्ती गेली आणि ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली.

ईडिपसच्या ग्रीक कथेत मुलगा बापाला मारतो. आपल्या महाभारतात बघा: ययाती स्वतःचं म्हातारपण पुरूला देऊन त्याचं तारुण्य घेतो, शंतनूच्या लग्नासाठी देवव्रत जन्मभर ब्रह्मचारी राहतो. इथे किंमत मुलगा मोजतो आणि वर त्याची वाहवा होते. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी भारतीय पुरुषाच्या मनात आईची जागा किती मोठी असते यावर भर दिला. एकत्र कुटुंबात तर आजी, काकू, आत्या अशा चार आया असतात. म्हणजे त्रिकोण आहे, पण त्याचे कोन वेगळे आहेत, असं मी म्हणेन. 'आपल्याकडे असलं काही नसतंच' हे उत्तर मात्र मला घाईचं वाटतं. सासू-सून हा विषय दोनच माणसांचा असता तर एव्हाना संपला असता.

१०. पाच वर्षांपर्यंत सगळं ठरून जातं का? मुलीला शी-शू शिकवताना मी ओरडले होते.

नाही, निवांत राहा. फ्रॉइडने बालपणाचे मौखिक, गुद, लिंग, सुप्त आणि जननेंद्रिय असे टप्पे मांडले, आणि टप्प्यात अडकलं की तसा स्वभाव होतो असं म्हटलं. ही जोडणी इतकी थेट असल्याचं पुढच्या संशोधनात टिकलं नाही. सुरुवातीची नाती खोल ठसा उमटवतात, हे टिकलं. लंडनचा बालरोगतज्ज्ञ आणि विश्लेषक डोनाल्ड विनिकॉट म्हणायचा की मुलाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली असली की झालं.

११. न्यूनगंड फ्रॉइडचा ना? आणि अंतर्मुख-बहिर्मुख? कंपनीत त्याची चाचणी घेतात.

न्यूनगंड आल्फ्रेड ॲडलरचा. तो १९११ मध्ये फ्रॉइडपासून वेगळा झाला. अंतर्मुख-बहिर्मुख आणि सामूहिक अबोध (सगळ्या माणसांत सारखंच असलेलं अबोध मन) कार्ल युंगचे. त्याचं १९१३ मध्ये फाटलं.

हिंजवडीत जी चार अक्षरांची, सोळा प्रकारांची चाचणी घेतात ती युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून अमेरिकेतल्या एका आई-मुलीने बेतलेली आहे. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्रज्ञ नव्हती. पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. चहाच्या टेबलावर गप्पांना ठीक. बढती तिच्यावर ठरवत असतील तर हरकत घ्या.

१२. संमोहन करून अबोध मनातलं सगळं एका बैठकीत बाहेर काढता येतं अशी जाहिरात पाहिली. जावं का?

प्रश्न ५ मध्ये संमोहन पुरावा म्हणून आलं, म्हणून ही शंका येते. उपचार म्हणून फ्रॉइडने ते सोडून दिलं. १८८५–८६ मध्ये तो पॅरिसला शार्को या डॉक्टरांकडे ते बघून आला, काही वर्षं वापरलं, मग लक्षात आलं की सगळ्यांवर चालत नाही आणि गुण टिकत नाही. शिवाय आठवण ही कपाटात ठेवलेली फाइल नसते. दर वेळी आठवताना आपण ती पुन्हा रचतो, आणि सुचवणाऱ्याच्या शब्दांनी ती बदलते. म्हणून संमोहनात 'आठवलेल्या' गोष्टीवर, मागच्या जन्माच्या तर सोडाच, भरवसा ठेवू नये.

त्याने मग मुक्त साहचर्य आणलं. रुग्णाला तो सांगायचा: आगगाडीच्या खिडकीत बसलेला प्रवासी आतल्या माणसाला बाहेरचं दृश्य सांगतो, तसं मनात येईल ते सांगत जा. डेक्कन क्वीनमध्ये खंडाळ्याचा घाट उतरताना करून बघा: बोगदा, दरी, धबधबा, पुन्हा बोगदा. सोपं वाटतं. दोन मिनिटांत 'हे नको सांगायला' असं काहीतरी येतं. काम तिथे सुरू होतं.

१३. हे सगळं आपल्या योगशास्त्रात आधीच होतं ना? आणि फ्रॉइड तर आता खोटा ठरलाय म्हणतात.

हे दोन प्रश्न बहुतेक वेळा एकच माणूस विचारतो: त्याचं ते खोटं, आणि शिवाय ते आपलंच!

संस्कार, वासना, चित्तवृत्ती या कल्पनांत जाणिवेपलीकडच्या मनाचा विचार नक्कीच आहे. पण पतंजलींना वृत्तींचा निरोध हवाय, मोक्षाच्या वाटेवर. फ्रॉइडला एवढंच हवं होतं की माणसाला प्रेम आणि काम करता यावं. घाट सारखा दिसला तरी गाडी वेगळ्या गावाला चाललीय.

आता खोटेपणा. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर, तोही व्हिएन्नाचाच, म्हणाला की मुलाला पाण्यात ढकलणारा आणि त्याला वाचवायला उडी मारणारा, दोघांचंही स्पष्टीकरण हा सिद्धान्त देतो. मग तो चुकलाय हे कळणार कसं? हा आक्षेप मला रास्त वाटतो. याचाच घरगुती अवतार: 'मी नाही म्हटलं तर तुम्ही त्याला नकार म्हणणार.' फ्रॉइडने १९३७ मध्ये यावर लिहिलं: रुग्णाचं नुसतं 'नाही' हा पुरावा नाही, आणि नुसतं 'हो' हाही नाही, त्यानंतर त्याला नवीन काही आठवतं का ते बघायचं. म्हणायला बरोबर आहे, पण तो स्वतः हे नेहमी पाळायचा असं त्याच्या रुग्णकथा वाचून वाटत नाही. बायकांच्या मनाबद्दल तो साफ चुकला. कॅरेन हॉर्नाय या विश्लेषक बाईंनी ते त्याच्या हयातीतच दाखवून दिलं.

टिकलं ते असं: मनाचा मोठा व्यवहार जाणिवेबाहेर चालतो, हे आज प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञही मानतात, फक्त त्यांचं अबोध मन फ्रॉइडच्या मानाने बरंच थंड डोक्याचं आहे. आणि मनोगतिक उपचारांचा गुण इतर मान्य उपचारांच्या तोडीचा असतो, असं मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं.

१४. हे वाचल्यापासून घरातल्या सगळ्यांच्या यंत्रणा दिसायला लागल्यात. त्यांना सांगू का?

नका सांगू. 'हे तुझं प्रक्षेपण आहे' हे वाक्य नवरा-बायकोच्या भांडणात मी ऐकलंय. त्याने ताटं वाजली, बाकी काही झालं नाही. १९१० मध्ये एका तरुण डॉक्टरने एका बाईंना त्यांच्या भीतीचं 'खरं कारण' पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, त्या आणखी घाबरल्या आणि फ्रॉइडकडे आल्या. त्यावर त्याने लिहिलं की नुसती माहिती देऊन बरं करणं म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना मेनूकार्डं वाटणं. कळणं वेगळं आणि आतून उमजणं वेगळं, आणि दुसरं विश्वासाच्या नात्याशिवाय होत नाही. दुसऱ्याचं दिसलं की त्याच वेळी आपल्याला राग का आला तेवढं बघा, भरपूर साहित्य मिळेल.

१५. पुण्यात उपचार घ्यायचे तर कुणाकडे जावं?

नावं देत नाही. आधी लक्षणं बघा. झोप-भूक उडाली असेल, भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ; कोच नंतर. सरकारी सोय ससूनला आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती विचारायला लाजू नका. स्वतःला मनोविश्लेषक म्हणवणाऱ्यांना आणखी एक विचारा: तुमचं स्वतःचं विश्लेषण कुणाकडे झालं? या शिक्षणात ते सक्तीचं असतं. प्रश्न आवडला नाही असं दिसलं, तर तेही लक्षात ठेवा. फी, सुट्टी, रद्द केलेल्या भेटीचे पैसे हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.